ब्रेन मॅपिंगच्या रिपोर्टवरून प्रौढ माणसाचा एडीएचडी ठरतो का?

विचारणाऱ्यांनी दिलेली माहिती थोडक्यात अशी. वय ३४, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड. कामं सुरू होतात, संपत नाहीत. मीटिंगमध्ये दहा मिनिटांनी मन भलतीकडेच. खात्यात पैसे असूनही विजेच्या बिलावर दंड बसतो. रात्री दोनपर्यंत जाग, सकाळी डोकं जड. प्रौढांच्या एडीएचडीबद्दल (लक्ष टिकत नाही किंवा चंचलता-उतावळेपणा आवरत नाही अशी, सहसा लहानपणापासूनची अडचण) वाचून त्यांनी एका केंद्रात ‘ब्रेन मॅपिंग’ करून घेतलं, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरी मोजून संगणकाने काढलेली रंगीत चित्रं. रिपोर्टमधल्या डोक्याच्या गोल चित्रांत पुढचा भाग लाल, ‘थीटा-बीटा गुणोत्तर वाढलेले’ असा शेरा आणि खाली ‘एडीएचडीशी सुसंगत’. सोबत न्यूरोफीडबॅकच्या (स्वतःच्या मेंदूलहरी पडद्यावर पाहून त्या बदलायचा सराव) बैठकांचं पॅकेज. एवढ्यावर औषध सुरू करावं का, आणि या मॅपिंगला अर्थ नसेल तर मेंदूच्या मोजमापाचा या निदानात काही उपयोग आहे तरी का, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी उत्तर, मग कारणं. या रिपोर्टवरून तुम्हाला एडीएचडी आहे असं म्हणता येत नाही, आणि नाही असंही म्हणता येत नाही. तुमच्या तक्रारी मात्र नीट तपासायलाच हव्यात. त्या तपासणीत ईईजीला, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींच्या नोंदीला, जागा आहे, पण केंद्राने सांगितली ती नव्हे.

थीटा-बीटाचं प्रकरण पोकळ नाही, त्याला बराच मोठा इतिहास आहे. जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून विद्युतलहरी नोंदवल्या आणि १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच, १९३८ साली, हर्बर्ट जॅस्पर आणि चार्ल्स ब्रॅडली यांच्या गटाने अमेरिकेत वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांचे ईईजी तपासले, आणि बऱ्याच मुलांत लहरी मंदावलेल्या आढळल्या. हे तेच ब्रॅडली, ज्यांनी आदल्या वर्षी अशा मुलांना बेन्झेड्रीन हे उत्तेजक औषध देऊन त्यांचं अभ्यासात लक्ष लागतं हे नोंदवलं होतं. म्हणजे ‘मेंदू जरा सुस्त चालतो, उत्तेजक दिलं की जागेवर येतो’ ही कल्पना औषधाइतकीच जुनी आहे.

थीटा म्हणजे सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा येणाऱ्या लहरी. गुंगीत, पेंगताना, तंद्रीत त्या वाढतात. बीटा १३ च्या पुढच्या, सावध अवस्थेतल्या. पहिलीला दुसरीने भागलं की गुणोत्तर येतं. १९९९ साली मोनास्ट्रा आणि सहकाऱ्यांनी ६ ते ३० वयाच्या ४८२ जणांवर हे करून पाहिलं, डोक्याच्या माथ्यावरच्या एकाच इलेक्ट्रोडवरून. एडीएचडी असलेल्या १०० पैकी ८६ जण ओळखले गेले आणि नसलेल्या १०० पैकी ९८ जण बरोबर वगळले गेले, असे आकडे आले. रक्ताच्या तपासणीलाही हेवा वाटावा असे. २००६ मध्ये तोवरच्या अभ्यासांची गोळाबेरीज झाली तेव्हा दोन गटांतला फरक ३.०८ प्रमाण विचलनं (माणसामाणसांत एरवी दिसणाऱ्या फरकाचं माप) एवढा निघाला. मानसोपचारात एवढा फरक जवळपास कशातच सापडत नाही. खरं तर तिथेच संशय यायला हवा होता.

१५ जुलै २०१३ रोजी अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) ‘नेबा’ नावाच्या ईईजी यंत्रणेला परवानगी दिली. आजही जाहिरातींत ‘एफडीए मान्यताप्राप्त’ हे शब्द दिसतात, त्यांचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. ती परवानगी नीट वाचली तर तीन गोष्टी दिसतात. ती ६ ते १७ वयोगटासाठी आहे. तिच्यामागचा मुख्य अभ्यास २७५ मुलांवरचा आहे. आणि डॉक्टरने संपूर्ण तपासणी करून मत बनवल्यावर त्याला जोड म्हणून ही चाचणी वापरायची, असं त्यात म्हटलं आहे. तुमचं वय ३४. तुमच्या बाबतीत पूर्ण तपासणी झालेलीच नाही. थेट यंत्रापासून सुरुवात झाली.

त्याच वर्षी आर्न्स, कॉनर्स आणि क्रेमर यांनी नव्याने गोळाबेरीज केली: एडीएचडी असलेली १२५३ मुलं, नसलेली ५१७. यातले कॉनर्स म्हणजे जगभर वापरल्या जाणाऱ्या कॉनर्स प्रश्नावलीचे. ३.०८ चा आकडा लहान मुलांत ०.७५ वर आला, आणि १८ वर्षांपर्यंतची सगळी धरली तर ०.६२ वर. गंमत अशी की एडीएचडीच्या मुलांचं गुणोत्तर फारसं बदललं नव्हतं. वर्षांमागून वर्षं निरोगी मुलांचंच वाढत गेलं होतं. मुलांची झोप कमी होत चालली आहे, त्यामुळे सगळ्यांच्याच लहरी पेंगुळल्या आहेत, असा एक अंदाज लेखकांनी मांडला. २०१६ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने स्पष्ट सल्ला दिला की हे गुणोत्तर नेहमीच्या क्लिनिकल तपासणीची जागा घेऊ शकत नाही, आणि चुकीच्या निदानातून रुग्णाचं नुकसान होण्याचा धोका आहे.

०.७५ चा फरक म्हणजे व्यवहारात काय? पुरुषांची सरासरी उंची बायकांपेक्षा जास्त असते हे खरं, पण फक्त ‘पाच फूट सहा इंच’ एवढं ऐकून ती व्यक्ती पुरुष की बाई हे सांगायला कुणी धजणार नाही. आणि उंचीतला तो फरक तर याच्या दुपटीहून मोठा आहे. ०.७५ असताना दोन्ही गटांचे आलेख सुमारे ७० टक्के एकमेकांवर चढलेले असतात. सर्वांत सोयीची सीमारेषा आखली तरी १०० पैकी जेमतेम ६५ जणांची वर्गवारी बरोबर येते, तीही दोन्ही गट समसमान असतील तर. नाणं उडवून ५० बरोबर येतात. आणि हे सगळं मुलांबद्दल. वयाबरोबर थीटा सगळ्यांचाच उतरतो. प्रौढांतल्या अभ्यासांपैकी काहींत फरक दिसतो, काहींत दिसत नाही.

आता तुमच्या रिपोर्टमधल्या लाल रंगाकडे येतो, कारण लोक घाबरतात ते त्यालाच.

मॅपिंगमध्ये सहसा १९ इलेक्ट्रोड असतात. प्रत्येकावर पाच पट्ट्यांची (थीटा, बीटा अशा लहरींच्या वेगाच्या गटांची) ताकद मोजली तर ९५ आकडे झाले. मग कोणत्या दोन जागा एकमेकींशी ताळमेळ ठेवतात हे मोजलं जातं. १९ जागांच्या जोड्या होतात १७१, गुणिले पाच पट्ट्या म्हणजे ८५५. एकूण ९५०. हा प्रत्येक आकडा सॉफ्टवेअरमधल्या ‘नॉर्मल’ लोकांच्या साठ्याशी ताडून पाहतात आणि दोन प्रमाण विचलनांपलीकडे गेला की रंग देतात. आता धडधाकट माणसाचाही कोणताही एक आकडा या मर्यादेबाहेर पडण्याची शक्यता साडेचार टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे सर्वस्वी निरोगी माणसाच्या रिपोर्टातही सरासरी चाळीसेक ठिकाणी लाल-निळं येणारच. त्यातले ‘पुढच्या भागातले’ तेवढे निवडून खाली वाक्य लिहिलं की रिपोर्ट तयार. हा साठा कोणत्या देशातल्या, कोणत्या वयाच्या, किती माणसांचा आहे हे केंद्राला विचारून पाहा. उत्तर मिळालं तर चांगलंच.

गुणोत्तर हलवणाऱ्या इतर गोष्टी तर आमच्या रोजच्या अनुभवातल्या आहेत. रात्री दोनला झोपून सकाळी नऊला एसी खोलीत डोळे मिटून बसवलेला माणूस पेंगणारच, आणि पेंग म्हणजे थीटा. पापण्यांची उघडझाप पुढच्या इलेक्ट्रोडवर मंद, मोठ्या लहरीसारखी उमटते; ती हाताने काढून टाकली नाही तर कपाळाचा भाग लाल दिसतो. जबडा आवळला की स्नायूंचा गोंगाट बीटात जाऊन बसतो. केसांना तेल असेल तर इलेक्ट्रोड नीट चिकटत नाही आणि नोंद खराब होते. म्हणून चांगले तंत्रज्ञ आदल्या दिवशीच ‘केस धुऊन या, तेल लावू नका’ असं बजावतात. क्लोनाझेपामसारखी झोपेची किंवा चिंतेची गोळी चालू असेल तर बीटा वाढतो, गुणोत्तर खाली येतं, आणि खराखुरा एडीएचडी असलेला माणूस ‘नॉर्मल’ ठरतो. काही लोकांचा अल्फा ताल (डोळे मिटून निवांत, पण जागं असतानाच्या लहरी) जन्मतःच जरा संथ असतो, सेकंदाला आठच्या आसपास. त्यांचा अल्फाच सॉफ्टवेअर थीटा म्हणून मोजतं. माझ्याकडे कुणी असा रिपोर्ट घेऊन आलं की मी चित्रं बाजूला ठेवतो आणि मूळ लहरींची नोंद मागतो. ती बहुतेक वेळा दिलेलीच नसते.

आणखी एक हिशेब आहे, तो कोणत्याही चाचणीला लागू होतो. प्रौढांत एडीएचडीचं प्रमाण साधारण अडीच टक्के धरतात. समजा एक चांगली चाचणी आहे, ८० टक्के आजारी ओळखणारी आणि ८० टक्के निरोगी वगळणारी. रस्त्यावरच्या १००० प्रौढांवर ती केली तर खरे रुग्ण २५, त्यातले २० सापडतील. उरलेल्या ९७५ पैकी १९५ जणांवरही ठपका येईल. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ निघालेल्या २१५ पैकी खरे फक्त २०. दवाखान्यात परिस्थिती जरा बरी, कारण तिथे त्रास असलेलेच लोक येतात. पण तिथे वेगळीच अडचण उभी राहते. चाचणीची अचूकता बहुधा ठणठणीत लोकांशी तुलना करून काढलेली असते, आणि माझ्या बाकावर ठणठणीत कुणी बसलेलं नसतं. एडीएचडी की चिंता, एडीएचडी की नैराश्य, एडीएचडी की अपुरी झोप, असा तिथला प्रश्न असतो. लक्ष न लागणं या सगळ्यांत आहे. लहरीही या सगळ्यांत थोड्याफार बदलतात.

ईईजी सोडून बाकीची यंत्रं तरी काही सांगतात का? १९९० साली झमेटकिन आणि सहकाऱ्यांनी पीईटी स्कॅन केले, तेही प्रौढांचेच: लहानपणापासून अतिचंचल असलेले २५ जण, ज्यांची मुलंही तशीच होती. त्यांच्या मेंदूत ग्लुकोजचा वापर ८.१ टक्क्यांनी कमी निघाला. ती रंगीत चित्रं खूप गाजली. किशोरवयीन मुलांवर तोच प्रयोग केल्यावर निकाल तितका स्वच्छ आला नाही. २०१७ मध्ये एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने एडीएचडीचे १७१३ आणि तुलनेचे १५२९ जणांचे एमआरआय एकत्र पाहिले. मेंदूच्या आतले काही भाग किंचित लहान आढळले. सर्वांत मोठा फरक ०.२ च्याही खाली. शिवाय तो मुलांत होता, प्रौढांत जवळपास पुसलेला. पी-३०० नावाची लहर, म्हणजे ज्याची वाट पाहायला सांगितलं आहे असा, अधूनमधूनच येणारा आवाज कानावर पडल्यावर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी उमटणारा विद्युत प्रतिसाद, प्रौढ एडीएचडीत सरासरीने लहान असते. मला हा धागा थीटा-बीटापेक्षा भरवशाचा वाटतो. पण ती स्किझोफ्रेनियात लहान असते, दारूच्या व्यसनात असते, नुसत्या वयानेही होते.

यंत्राने मनातलं ओळखलं यावर विश्वास ठेवायची आपल्याला जरा घाईच असते. पुण्यातल्याच सत्र न्यायालयात २००८ साली एका खुनाच्या खटल्यात ईईजीवर आधारित चाचणीचा आधार घेऊन शिक्षा सुनावली गेली होती, आणि त्याची चर्चा जगभर झाली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात अशा चाचण्या संमतीशिवाय करायला मनाई केली. विषय वेगळा, हे मान्य. पण डोक्याला तारा लावल्या की निष्कर्षाला वजन येतं, हे दोन्हीकडे सारखंच.

मग निदान होतं कसं? बोलून. हे ऐकून काहींचा विरस होतो, पण नीट केलं तर या बोलण्याला दोन-तीन तास लागतात आणि त्याला शिस्त असते. डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाचे निकष देणारं अमेरिकन पुस्तक) नुसार १७ वर्षं किंवा त्यापुढच्या व्यक्तीत अवधानाच्या नऊपैकी किमान पाच, किंवा चंचलता-उतावळेपणाच्या नऊपैकी किमान पाच लक्षणं हवीत. ती घर आणि कामाची जागा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. त्यांमुळे आयुष्याचं खरंच अडलेलं हवं. आणि त्यांतली काही १२ वर्षांच्या आत दिसलेली हवीत. एएसआरएस ही सहा प्रश्नांची चाळणी तुम्ही पाच मिनिटांत भरू शकता, पण ती चाळणीच आहे; चिंताग्रस्त माणूसही त्यात अडकतो. डायव्हा ही मुलाखत खोलवर जाते: प्रत्येक लक्षण आत्ताचं आणि लहानपणचं, उदाहरणासह.

‘१२ वर्षांच्या आत’ या अटीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. जुनी प्रगतिपुस्तकं आणायला सांगतो. ‘हुशार आहे पण लक्ष देत नाही’, ‘बडबड कमी करावी’, ‘गृहपाठ अपूर्ण’, ‘वही हरवली’ हे शेरे पहिलीपासून सहावीपर्यंत वेगवेगळ्या शिक्षकांच्या अक्षरांत दिसले तर ते माझ्या दृष्टीने कुठल्याही मॅपिंगपेक्षा वजनदार. आईशी किंवा मोठ्या बहिणीशी बोलतो. आई बहुतेकदा ‘तसं काही नव्हतं हो’ इथून सुरुवात करते आणि दहा मिनिटांनी शाळेत विसरलेले डबे, छत्र्या, स्वेटर मोजू लागते. मुलींच्या बाबतीत हा पुरावा शोधावा लागतो. त्या वर्गात दंगा करत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात, म्हणून कुणी शेरा लिहीत नाही. अशा कित्येक जणी मुलाचं निदान झाल्यावर स्वतःचं विचारायला येतात, आणि ते साहजिकच आहे. एडीएचडीची आनुवंशिकता ७४ टक्क्यांच्या आसपास मानली जाते.

ही अटही वादातीत नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांचा आजवर पाठपुरावा चालू आहे. ३८ व्या वर्षी ज्यांच्यात एडीएचडीची लक्षणं दिसली, त्यांतल्या बहुतेकांना लहानपणी एडीएचडी नव्हताच, असं २०१५ साली त्या गटाने दाखवलं. पुढे अमेरिकेतल्या दुसऱ्या एका मोठ्या पाठपुराव्यात अशा ‘उशिरा सुरू झालेल्या’ लोकांची बारकाईने छाननी झाली, तेव्हा बहुतेकांच्या मागे नशेचे पदार्थ किंवा दुसरा मानसिक आजार निघाला. म्हणून लहानपणाचा पुरावा सापडला नाही की मी निदान लगेच नाकारत नाही, पण दुसरं कारण शोधायला लागतो.

तुमच्याबाबतीत ते शोधायलाच हवं, आणि सुरुवात झोपेपासून करायला हवी. इथे मेंदूच्या मोजमापाचा पहिला खरा उपयोग येतो. घोरता का, हे घरात विचारा. झोपेत श्वास अडखळत असेल, सकाळी डोकं जड राहत असेल, दिवसा डुलक्या येत असतील तर रात्रभराचा स्लीप स्टडी करावा. त्यात ईईजी असतो, सोबत श्वास, ऑक्सिजन, हृदयाचे ठोके आणि पायांच्या हालचाली. स्लीप अ‍ॅप्निया सापडला आणि त्यावर उपचार झाले की ‘लक्ष लागत नाही’ ही तक्रार कधी कधी निम्म्याने उतरते. कधी अ‍ॅप्निया आणि एडीएचडी दोन्ही असतात. तरी आधी झोप सुधारल्याशिवाय उरलेलं मोजता येत नाही.

दुसरा उपयोग फिट ओळखण्याचा. बोलता बोलता काही सेकंद माणूस गप्प होतो, नजर एका जागी खिळते, हाक मारली तरी ओ देत नाही, ओठ चघळल्यासारखे हलतात, आणि नंतर त्याला त्यातलं काही आठवत नाही. याला तंद्री म्हणून सोडून देऊ नये. साधा, न्यूरोलॉजिस्टने वाचलेला ईईजी इथे करायलाच हवा, गरज पडली तर जागरण करवून. एडीएचडीवाल्याचं मन भटकतं, पण खांद्याला हात लावला की तो लगेच परत येतो. रक्ताच्या साध्या तपासण्याही कराव्यात: थायरॉइड, हिमोग्लोबिन, शाकाहारी असाल तर बी-१२.

न्यूरोफीडबॅकचं पॅकेज सध्या घेऊ नका. थीटा-बीटावरच बेतलेल्या न्यूरोफीडबॅकची १४४ मुलांवर केलेली चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. त्यात अर्ध्या नव्हे, पण बऱ्याच मुलांना नकळत खोटा फीडबॅक दिला होता. दोन्ही गट सुधारले, आणि दोघांत फरक निघाला नाही. आपुलकीने बोलणारा माणूस, ठरलेली वेळ, रोजची दिनचर्या यांचा फायदा दोघांनाही झाला असावा. तो मिळवायचे याहून स्वस्त मार्ग आहेत.

औषधाबद्दल. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं उत्तेजक औषध भारतात शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीत, आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि दुकानदार एक प्रत दोन वर्षं जपून ठेवतो, त्यामुळे ते सगळीकडे मिळतही नाही. अ‍ॅटोमॉक्सेटिन तुलनेने सहज मिळतं, पण परिणाम दिसायला काही आठवडे जातात. दोन्हींआधी रक्तदाब, नाडी आणि घरातला हृदयविकाराचा इतिहास पाहावा लागतो. ‘थोडे दिवस घेऊन बघू, लागू पडलं तर एडीएचडी’ असा विचार करू नका, मित्राच्या गोळ्या घेऊन तर मुळीच नाही. जूडिथ रॅपोपोर्ट यांनी १९७८ सालीच दाखवलं आहे की अशा उत्तेजकाने पूर्ण निरोगी मुलांचंही लक्ष सुधारतं.

अपॉइंटमेंट मानसोपचारतज्ज्ञाची घ्या, आणि प्रौढांचा एडीएचडी ते पाहतात का हे फोनवरच विचारा. जाताना प्रगतिपुस्तकं, दोन आठवड्यांच्या झोपेची नोंद (झोपलो कधी, उठलो कधी, मध्ये जाग किती, चहा-कॉफी किती), चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, आणि शक्य असेल तर बायकोला सोबत न्या. मॅपिंगचा रिपोर्टही न्या, पण फाइलमध्ये सर्वांत खाली ठेवा. केंद्राकडून मूळ लहरींची नोंद पेन ड्राइव्हवर मागून घ्या. पैसे भरले आहेत, ती तुमची आहे. वर सांगितलं तसं नजर खिळण्याचं काही घडत असेल तर न्यूरोलॉजिस्टला ती पाहता येईल, आणि तेवढ्यापुरता का होईना त्या दिवसाचा खर्च कामी येईल.